फोर्ट फिशरचा एकांतवासी



वसंतातल्या संध्याकाळी मांडवात बसून थोरामोठ्यांची चरित्रे ऐकायची आपली जुनी रीत आहे. सेनापतींची, मुत्सद्द्यांची, संशोधकांची चरित्रे सांगणारे विद्वान अशा व्यासपीठांवर पुष्कळ येऊन गेले. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वस्तीतल्या वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा आमच्या वाट्याला आलेल्या या तासात आम्ही एका कामगाराचीच कथा सांगणार आहोत. त्याचे नाव रॉबर्ट हॅरिल. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या समुद्रकाठी, खाजणातल्या एका पडक्या लष्करी बंकरात तो सोळा-सतरा वर्षे एकटा राहिला आणि १९७२ च्या जून महिन्यात तेथेच मेला. त्याच्याजवळ घर नव्हते, जमीन नव्हती, मोठी पदवी नव्हती. तरी हजारो माणसे वाळू तुडवीत त्याला भेटायला जात, आणि त्या किनाऱ्यावर आजही त्याचे नाव मायेने घेतले जाते.

तिकडची माणसे त्याला ज्या नावाने ओळखत, त्याचा अर्थ ‘एकांतवासी’ असा होतो. आपल्या भाषेत घर सोडून गेलेल्या माणसासाठी शब्दांची उणीव नाही. संन्यासी आहे, बैरागी आहे, गोसावी आहे, अवधूत आहे. परंतु हॅरिल यांपैकी कोणीच नव्हता. त्याने भगवी वस्त्रे घातली नाहीत की मठ काढला नाही. त्याने संसार सोडण्याआधी संसारानेच त्याला सोडले होते. आणि एकांतवासी म्हणावे, तर त्याच्या दाराशी माणसांची जितकी वर्दळ असे तितकी आमच्या युनियनच्या कचेरीतही नसते! मग हा मनुष्य होता कोण, आणि लोक त्याच्याकडे कशासाठी जात, हे आधी पाहू. नंतर एक प्रश्न विचारू. तो प्रश्न त्याच्याविषयी नाही. त्याला भेटायला जाणाऱ्यांविषयी, म्हणजे तुमच्या-आमच्याविषयी आहे.

प्रथम जागा पाहू. केप फिअर नावाची नदी विल्मिंग्टन या बंदराजवळून वाहत दक्षिणेस अटलांटिक महासागराला मिळते. नदी आणि समुद्र यांच्यामध्ये जमिनीची एक निमुळती जीभ पुढे गेली आहे. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये वाळूच्या टेकड्या आणि भरतीच्या पाण्याने भिजणारे खाजण. या जिभेच्या टोकाशी, विल्मिंग्टनपासून सुमारे वीस मैलांवर, फोर्ट फिशर नावाचा किल्ला होता. किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे सिंधुदुर्गाचा चिरेबंदी तट येतो. हा किल्ला मुख्यतः माती आणि वाळूचा होता. तोफेचा गोळा दगडी तट फोडतो, परंतु वाळूत तो नुसता रुतून बसतो, हे बांधणाऱ्यांना ठाऊक होते.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या राज्यांनी बंड केले, आणि उत्तरेच्या आरमाराने त्यांची बंदरे रोखून धरली. नाकेबंदी चुकवणारी चपळ जहाजे रात्रीच्या अंधारात कापूस बाहेर नेत आणि दारूगोळा आत आणीत. एकेक बंदर पडत गेले. शेवटी समुद्राशी मोठा व्यवहार चालू ठेवणारे विल्मिंग्टन तेवढे उरले, आणि त्याच्या तोंडाशी पहारा करणारा हा किल्ला उरला. १८६४ च्या डिसेंबरात उत्तरेचा पहिला हल्ला फसला. १५ जानेवारी १८६५ रोजी दुसऱ्या हल्ल्यात किल्ला पडला. त्या मोहिमेत काळ्या सैनिकांच्या पलटणीही होत्या. या युद्धाची झळ आपल्यालाही लागलेली आहे. अमेरिकेचा कापूस अडला म्हणून इंग्लंडच्या गिरण्यांनी आपल्या कापसाला हात घातला, मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरबाजारात रात्रीतून लक्षाधीश झाले. आणि १८६५ साली युद्ध संपताच तो सगळा फुगा फुटला. फोर्ट फिशर पडला तेव्हा मुंबईच्या त्या फुग्याचे दिवसही भरत आले होते.

पुढे दुसऱ्या महायुद्धात याच किनाऱ्यावर विमानविरोधी तोफा चालवण्याचे शिक्षण सैनिकांना दिले जाई. युद्ध संपले, पलटणी गेल्या, आणि काँक्रीटचा एक लहानसा बंकर खाजणात तसाच राहिला. कोणाला नको असलेली ही वास्तू पुढे कोणाला नको असलेल्या एका माणसाच्या उपयोगी पडली.

आता माणूस पाहू. हॅरिल १८९३ साली जन्मला. त्याचा मुलूख या किनाऱ्यापासून अडीचशे मैलांहून दूर, दोन्ही कॅरोलिना राज्यांच्या सीमेजवळ. तो लहान असतानाच विषमज्वराने त्याची आई आणि दोन भाऊ गेले. पुढचे बालपण नातलगांच्या कडक, मारकुट्या शिस्तीत गेले. घर म्हणजे जुलूम, ही गोष्ट त्याच्या मनात तेव्हापासून बसली ती कायमची. म्हातारपणी तो एक पुस्तक लिहिणार असे सांगत असे. ‘प्रत्येक घरात एक जुलूमशहा’ अशा अर्थाचे त्याचे नावही त्याने ठरवून ठेवले होते. पुस्तक झाले नाही. परंतु ज्या मुलाने ते नाव सोसले होते, त्याला ते शोधावे लागले नसेल.

हा मुलूख कापडगिरण्यांचा. आमच्यासारख्या युनियनच्या माणसाला त्याची ओळख निराळ्या कारणाने आहे. हॅरिलच्या गावाशेजारच्या जिल्ह्यात, गॅस्टोनिया येथे, १९२९ साली लोरे गिरणीचा प्रसिद्ध संप झाला. त्या संपात एला मे विगिन्स ही गिरणीकामगार बाई स्वतः गाणी रचून सभांतून गाई. १४ सप्टेंबर १९२९ रोजी सभेला निघालेल्या कामगारांची मालमोटार अडवण्यात आली आणि तिला गोळी लागून ती मेली. खटला झाला, आरोपी सुटले. १९३४ च्या सप्टेंबरात तर देशभरातील सुमारे चार लाख कापडकामगार संपावर गेले आणि हरून परत आले. हॅरिल या लढ्यांचा पुढारी नव्हता, हे स्पष्ट सांगतो. परंतु ज्या काळात त्याची उमेद खर्ची पडली, त्या काळात त्या मुलखात गरीब माणसाने एकट्याने झगडणे म्हणजे काय, आणि जमून झगडणेही किती महाग, हे ध्यानात असावे म्हणून हे सांगितले.

हॅरिलने नाना उद्योग केले. किरकोळ दागिने, बारीकसारीक वस्तू करून विकत हिंडला. परंतु त्याच्या हाताला जो खरा कसब लागला तो लायनोटाइप यंत्राचा. येथे जमलेल्या मंडळींपैकी ज्यांनी जुना छापखाना पाहिला आहे त्यांना हे यंत्र आठवेल. तरुणांसाठी थोडे सांगतो. पूर्वी जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवीत असे. ओटमार मर्गेनथेलर याच्या या यंत्राने १८८६ साली न्यूयॉर्कच्या एका दैनिकात प्रथम काम सुरू केले, आणि सगळे पालटले. पुढे नव्वद कळांचा पट. कळ दाबली की वरच्या पेटीतून पितळेचा साचा खाली घसरे. साच्यांची ओळ पुरी झाली की तिच्यावर उकळत्या शिशाचा रस येई आणि अख्खी ओळ एका तुकड्यात ओतून बाहेर पडे. साचे पुन्हा आपापल्या घरात परतत. यंत्राचा खडखडाट, शिशाची धग, आणि दिवसभर दुसऱ्यांचे शब्द ओतणारी दहा बोटे, हे त्या कामगाराचे आयुष्य.

अमेरिकेतल्या या कामगारांची संघटना जुनी आणि बळकट होती. त्यांची टायपोग्राफिकल युनियन १८५२ साली स्थापन झाली, आणि १८९२ साली तिने कोलोरॅडो राज्यात म्हाताऱ्या व आजारी छपाईकामगारांसाठी एक वसतिगृह उघडले. आजच्या पेन्शनचे नाव नव्हते त्या काळात कामगारांनी एकमेकांच्या म्हातारपणाची काळजी वाहिली! हे आम्ही अभिमानाने सांगतो. परंतु ज्या धंद्याने म्हाताऱ्यांसाठी घर बांधले, त्याच धंद्यात बोटे भाजलेला हा माणूस बासष्टाव्या वर्षी खाजणात निवारा शोधत होता, हेही सांगितले पाहिजे. प्रत्येक छत्रीबाहेर कोणी ना कोणी भिजत उभा असतो.

हॅरिलचा संसार टिकला नाही. १९३० नंतरच्या मंदीच्या वर्षांत पत्नी दूरच्या राज्यात निघून गेली. पुढे त्याला मॉर्गनटन येथील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. जेवणाच्या चमच्याची किल्ली करून तो तेथून निसटला, अशी आख्यायिका त्या किनाऱ्यावर सांगतात. मधल्या काळात तो डोंगराळ भागातल्या एका शिक्षकाकडे जाऊन मनुष्यस्वभावाचा अभ्यास करीत होता. पन्नाशी उलटलेला, हाती पैसा नसलेला मनुष्य ‘माणसे अशी का वागतात’ हे शिकायला जातो, याचे आम्हांस फार कौतुक वाटते. जे स्वतः शिकले आहेत त्यांना हे कळेल. शाळेत जाणारा मुलगा उत्तरे शिकायला जातो. उशिरा शिकणारा माणूस प्रश्न बरोबर घेऊन जातो.

१९५४ च्या ऑक्टोबरात हेझल नावाच्या भयंकर वादळाने तो किनारा उद्ध्वस्त केला. पुढच्याच उन्हाळ्यात, १९५५ साली, रस्त्यावरच्या मोटारवाल्यांकडे वाट मागत मागत हॅरिल तेथे येऊन पोचला. आल्यावर त्याचे स्वागत काय झाले? भटक्या म्हणून त्याला धरले आणि माघारी गावाकडे पाठवले. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला आणि मग हलला नाही.

या भटकेपणाच्या कायद्याकडे थोडे पाहण्यासारखे आहे. यादवी युद्ध संपल्यावर गुलामगिरी गेली, पण दक्षिणेच्या राज्यांनी लागलीच कायदे केले की ज्याला कामधंदा नाही, ज्याचा ठावठिकाणा नाही, त्याला पकडावे आणि कामाला जुंपावे. ज्या काळ्या माणसाच्या पायातली बेडी नुकती तुटली होती त्याला पुन्हा मळ्यात नेण्यासाठी ही सोय होती. पुढे तेच हत्यार सगळ्याच गरिबांवर चालले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्लॉरिडातील एका शहराचा असा कायदा २४ फेब्रुवारी १९७२ रोजी घटनाविरोधी ठरवला. हॅरिल त्यानंतर तीन महिन्यांपेक्षा थोडाच अधिक जगला. आपल्याकडे १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे. त्याखाली उपजीविकेचे साधन न दिसणाऱ्या माणसाला रस्त्यावरून उचलता येते. म्हणजे प्रश्न सातासमुद्रापलीकडचा नाही. ज्याच्याजवळ काही नाही, त्याचे नुसते असणे हाच अपराध, ही कल्पना दोन्हीकडे घर करून आहे.

खाजणात राहायचे कसे, हे त्याला तेथे आधीपासून राहणाऱ्या एका माणसाने शिकवले. भरती-ओहोटी ओळखून कालवे आणि तिसऱ्या काढायच्या, मासे धरायचे, खेकडे पकडायचे, रानातली फळे गोळा करायची. बंकराच्या आसपास त्याने भाजीपालाही लावला. समुद्राने आणून टाकलेली फळकुटे, जाळी, पत्रे त्याच्या उपयोगी पडत. भटकी कुत्रीमांजरे त्याच्याकडे वस्तीला आली. आपल्या कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. परंतु साठी ओलांडलेल्या, छापखान्यात काम केलेल्या माणसाने हे नव्याने शिकायचे, डासांत आणि ओलीत राहायचे, आणि १९५८ व १९६० सालची वादळे त्याच किनाऱ्यावर काढायची, हे सोपे नव्हते.

आणि मग माणसे येऊ लागली. आधी मासे धरायला येणारे, मग समुद्रस्नानासाठी आलेली कुटुंबे, सुटीवरचे सैनिक, महाविद्यालयातली मुले, वर्तमानपत्रांचे बातमीदार. गवती टोपी घातलेला, दाढी वाढलेला, उन्हाने रापलेला हा म्हातारा त्यांच्याशी बोलत बसे. आलेल्याने आपले नाव-गाव लिहावे म्हणून त्याने वही ठेवली होती. जवळच तळणीचा एक तवा मांडलेला असे. ज्याला वाटेल त्याने त्यात नाणे टाकावे. विल्मिंग्टनला १९६१ साली एक जुनी युद्धनौका लोकांना पाहण्यासाठी खुली झाली. तिच्या खालोखाल राज्यात सर्वांत जास्त माणसे या म्हाताऱ्याला पाहायला येत, असे अनेकदा सांगितले जाते. आकड्यांचा वाद बाजूला ठेवू. एका बाजूला हजारो टन पोलादाची तोफांनी भरलेली नौका आणि दुसऱ्या बाजूला एक तवा घेऊन बसलेला म्हातारा, ही तुलना करावीशी वाटली, हेच पुरेसे बोलके आहे.

आपल्या त्या जागेला तो ‘व्यवहारी शहाणपणाची शाळा’ अशा अर्थाचे नाव देत असे. तेथे फी नव्हती, हजेरी नव्हती. तो काय शिकवी? सांगे की प्रत्येक माणसाने चोवीस तासांतून काही मिनिटे, फार तर तासभर, एकांतवासी व्हावे; आपण काय करीत आहोत याचा विचार करावा. सरकारविषयी, पैशाविषयी, घराघरांतल्या जुलमाविषयी तो बोले. परंतु आम्हांस वाटते, लोक त्याचे ऐकायला जात त्याहून अधिक आपले सांगायला जात. ज्याला तुमच्याकडून काही नको, जो तुमच्या गावचा नाही, नात्याचा नाही, ज्याला घाई नाही, अशा माणसापुढे मन मोकळे होते. घराघरांतला जुलूम ज्याने सोसला होता, त्याला वाट चुकलेल्या मुलाचा चेहरा लगेच ओळखू येत असणार.

येथे कोणी म्हणेल, हा तर लोकांना भुलवणारा नाटकी माणूस! छायाचित्रासाठी उभा राहतो, तव्यात पैसे घेतो, आणि म्हणवतो एकांतवासी. असे म्हणणारे तेव्हाही होते. त्याला तेथून हुसकावण्याचे प्रयत्नही झाले. आम्ही त्याला साधू ठरवायला निघालेलो नाही. त्याच्या संसाराची दुसरी बाजू ज्यांनी सोसली त्यांचे म्हणणे निराळे असू शकेल, आणि तेही खरे असू शकेल. परंतु तव्यातल्या नाण्यांवरून त्याला नावे ठेवणे आम्हांस मान्य नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आल्यागेल्याशी बोलणे, त्याचे दुःख ऐकणे, पोरांना खेकडे दाखवणे, हेही कामच आहे. लोकांनी त्याला एकांतवाशाची नोकरी दिली आणि त्याने ती प्रामाणिकपणे केली. कामाचा मोबदला घेणाऱ्याला कामगाराने तरी हसू नये.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. १९६८ साली एका वार्ताहराशी बोलताना हॅरिलने जे सांगितले त्याचा आशय असा : मी जसा राहतो तसे राहावे असे लाखो माणसांना वाटते, पण मनात आणणे सोपे, करणे अवघड. म्हणून त्यांनी नकळत मला आपला प्रतिनिधी निवडले आहे, आणि माझे चालते ते त्यामुळे.

श्रोतेहो, आम्ही गेली तीस वर्षे कामगारांचे प्रतिनिधी निवडून देण्याचे आणि कधी स्वतः निवडून येण्याचे काम केले. त्यामुळे हे उद्गार वाचले तेव्हा आम्ही थबकलो. प्रतिनिधी म्हणजे काय? खात्यात शंभर कामगार असतात. साहेबापुढे जाऊन बोलावे असे प्रत्येकाला वाटते. पण नोकरी, बायकामुले, कर्ज यांमुळे प्रत्येकाची जीभ बांधलेली असते. मग एकाला पुढे करतात. तो शंभरांच्या वतीने बोलतो आणि शंभरांच्या वाटचा राग स्वतःवर घेतो. म्हणूनच आमच्या धंद्यात एक न लिहिलेला नियम आहे. ज्याला पुढे केले त्याला एकटे सोडायचे नाही. त्याची बदली झाली, त्याला निलंबित केले, त्याच्या घरी चूल बंद पडली, तर ती शंभरांची जबाबदारी. निवडून देणे हा अर्धा व्यवहार झाला. पाठराखण करणे हा उरलेला अर्धा.

हॅरिलच्या मतदारांनी पहिला अर्धा व्यवहार उत्साहाने केला. दुसऱ्या अर्ध्याचे काय झाले?

खाजणात एकटा राहणारा म्हातारा, आणि त्याच्याजवळ तव्यात साठलेले पैसे आहेत अशी आवई. लुटालुटीचे, मारहाणीचे, दांडगट पोरांच्या त्रासाचे प्रसंग त्याच्यावर आले. दिवसा ज्या वाटेने त्याचे चाहते येत त्याच वाटेने रात्री दुसरी माणसे येत. ४ जून १९७२, रविवार. काही तरुण मुले बंकराकडे गेली आणि त्यांना हॅरिलचे प्रेत दिसले. वय ७९. अंगावर ओली वाळू होती, पाय खरचटून रक्ताळलेले होते, आणि बाहेर काही ओढत नेल्यासारख्या खुणा होत्या. कॉरोनरने हृदयविकाराने मृत्यू असे नोंदवले. त्या वेळी शवविच्छेदन झाले नाही. त्याला जाणणाऱ्या अनेकांना तो निर्णय पटला नाही. कोणी भीती दाखवायला आले आणि म्हातारा त्या झटापटीत मेला, असे बोलले गेले. पुढे त्याच्या मुलाने पाठपुरावा केला, प्रेत उकरून तपासणीही झाली; परंतु कोणावर गुन्हा सिद्ध झाला नाही.

हजारो माणसांनी ज्याच्या वहीत आपले नाव लिहिले, त्याच्या मृत्यूचा साधा, निर्विवाद दाखला मात्र आजवर कोणाला देता आलेला नाही. वहीत सगळ्यांची नावे होती. त्याची हजेरी घेणारी वही कोणाकडेच नव्हती.

हे परक्या देशातल्या लोकांना दोष देण्यासाठी सांगत नाही. येथे आम्हांला आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही युनियनच्या कामात नवे होतो तेव्हाची. १९९० नंतरच्या त्या दशकात शहरातल्या छापखान्यांतून शिशाचे खिळे गेले आणि संगणक आले. आमच्या सभासदांपैकी एक वृद्ध जुळारी होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. पत्नी आधीच वारली होती, मूलबाळ नव्हते. काम सुटल्यावरही ते रोज दहाच्या ठोक्याला युनियनच्या कचेरीत येत. आम्ही पत्रके काढीत असू. अण्णा ती उलटीकडून वाचून चुका दाखवीत, कारण खिळे उलटे वाचण्याची सवय डोळ्यांना जडलेली. चहा आला की अर्धा कप त्यांचा ठरलेला. नव्या पोरांना ते संपाच्या गोष्टी सांगत. कचेरीत आलेला प्रत्येक जण आधी विचारी, अण्णा कुठे आहेत?

एका पावसाळ्यात अण्णा आले नाहीत. पहिल्या दिवशी वाटले, पाऊस आहे. दुसऱ्या दिवशी कोणी म्हणाले, बहिणीकडे गेले असतील. तिसऱ्या दिवशी मोर्चा होता. चौथ्या दिवशी शेजाऱ्यांनी दार फोडले. आम्ही सगळेच त्यांच्यावर माया करीत होतो, आणि म्हणूनच प्रत्येकाने गृहीत धरले की दुसरा कोणीतरी जाऊन आला असेल. अंत्ययात्रेला शेदीडशे माणूस होता. त्यांतल्या एकाला जरी दुसऱ्या दिवशी त्यांची खोली आठवली असती! शोकसभेत भाषणे चांगली झाली. आम्हीही बोललो. त्या भाषणाची आजही लाज वाटते.

त्यानंतर कचेरीत एक साधी वही केली. एकट्या राहणाऱ्या निवृत्त सभासदांची नावे, पत्ते, शेजाऱ्यांची नावे. जो दोन दिवस दिसला नाही त्याच्या घरी तिसऱ्या दिवशी कोणी जायचे, त्याचे नाव वहीत लिहायचे आणि तो जाऊन आला की त्याने सही करायची. यात मोठे तत्त्वज्ञान नाही. ‘कोणीतरी जाईल’ याच्या जागी एका माणसाचे नाव लिहिणे, एवढाच फरक. हॅरिलची हकिगत आम्ही वाचली ती पुष्कळ पुढे. वाचताना त्या तव्यापेक्षा आमचे लक्ष त्या वहीकडेच गेले, याचे कारण आता आपल्या ध्यानात आले असेल.

हॅरिलला प्रथम त्याच्या गावाकडे पुरले होते. १९८९ साली त्याचे अवशेष किनाऱ्यावर आणून, तो जेथे राहिला त्या भागातल्या एका चर्चच्या दफनभूमीत ठेवले. थडग्याच्या दगडावर, त्याने लोकांना विचार करायला लावले, अशा अर्थाचे शब्द कोरले आहेत. १९९३ साली त्याच्या स्मरणासाठी चाहत्यांनी एक मंडळ काढले. २००४ साली त्याच्यावर अनुबोधपट निघाला. तो सगळा भाग आता राज्याचे राखीव उद्यान आहे. खाजणातून जाणाऱ्या पायवाटेवर तो बंकर अजून उभा आहे आणि लोक तो पाहायला जातात. ज्या जागेतून त्याला भटक्या म्हणून घालवले होते, ती जागा आज त्याच्या नावाने ओळखली जाते. इतिहास असे न्याय पुष्कळदा देतो. फक्त ते घेण्यासाठी माणूस हजर नसतो.

हे स्मरण खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. उलट ज्यांनी त्याला आपल्या किनाऱ्यावर परत आणले त्यांनी त्याचे घर ओळखले. आमचे म्हणणे एवढेच आहे की स्मरण ही वर्गणीची शेवटची पावती आहे. आधीचे हप्ते माणूस जिवंत असतानाच भरायचे असतात.

आपल्या प्रत्येक गावात असा एखादा मनुष्य असतो. कोणी नदीच्या घाटावर बसतो, कोणी एस. टी. स्थानकाच्या बाकावर, कोणी बंद पडलेल्या गिरणीच्या फाटकाशी. वाटसरू त्याच्यापाशी थांबतात, विडी-काडी करतात, दोन शब्द बोलतात आणि हलके होऊन पुढे जातात. आपण त्याला गावाचे भूषण म्हणतो, पाहुण्यांना त्याच्या गमती सांगतो. आपण त्याला निवडून दिलेले असते; आपल्याला जसे जगायचे धाडस झाले नाही तसे जगण्यासाठी, आपल्याला जे ऐकायला वेळ नाही ते ऐकण्यासाठी. तेव्हा येथून घरी जाताना वाट थोडी वाकडी करावी आणि तो आज आपल्या जागी आहे की नाही, हे पाहून जावे. नसेल, तर दुसरा कोणी चौकशी करील असे समजू नये.

अण्णांच्या चार दिवसांचे हे देणे आहे. ते आम्ही अजून फेडत आहोत, आणि त्यातला थोडा भार आज आपल्यावर टाकला.